वेदनेचा पुरावा कोणी द्यायचा?

भूल देऊन केलेली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात झाली. केवळ वय कमी आहे किंवा मेंदू अपक्व आहे एवढ्या कारणावरून नवजात बाळाला भूल नाकारू नये, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने लेखी सांगितले ते सप्टेंबर १९८७ मध्ये. मध्ये एकशे चाळीस वर्षे गेली. तेवढ्या काळात एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवून झाले आणि किलोभर वजनाच्या बाळाला श्वास पुरवणारी यंत्रे आली. त्याच बाळाची छाती उघडताना त्याला दुखते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘बहुधा नाही’ असे धरून कामे उरकली जात राहिली.

एवढा उशीर का झाला, याचे उत्तर म्हणून अज्ञानाकडे बोट दाखवता येत नाही. टोचले की बाळ आकसते, लालबुंद होते, किंचाळते, हे सुईणीला ठाऊक होते, आजीला ठाऊक होते आणि डॉक्टरलाही दिसत होते. अडले ते न्यायाच्या पातळीवर. दुखते हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळावर टाकली गेली आणि त्याच वेळी बाळाचे रडणे साक्ष म्हणून अग्राह्य ठरवले गेले. हा उफराटा न्याय कसा रुजला आणि कसा मोडला, हे नीट पाहण्याची गरज आजही आहे. कारण तो पुरता मोडलेला नाही.

बॉस्टनच्या त्या शस्त्रक्रियेची वार्ता वैद्यकीय जगाला देणारे शल्यचिकित्सक हेन्री बिगेलो यांनीच दोन वर्षांनी अर्भकांचा प्रश्न निकालात काढला होता. तान्ह्या बाळाला येणाऱ्या वेदनेची धास्ती नसते आणि झालेल्या वेदनेची आठवण राहत नाही, तेव्हा त्याला गाढ भूल देण्याची गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे मज्जासंस्थेच्या अभ्यासाने त्याला शास्त्राचा आधार दिला. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण अपुरे असते, मोठ्या मेंदूचे बाह्यांग पुरते जागे झालेले नसते, असे दिसून आले आणि त्यावरून बाळाच्या हालचाली म्हणजे नुसत्या प्रतिक्षिप्त क्रिया, असा निष्कर्ष निघाला. मर्टल मॅकग्रॉ यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जन्मापासून चार वर्षांपर्यंतच्या ७५ मुलांना टाचणीने टोचून प्रतिसाद नोंदवला होता. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत काही बाळांचा प्रतिसाद मंद किंवा अस्पष्ट दिसला. पुढची कित्येक वर्षे या अभ्यासाचा दाखला बाळाला फारसे कळत नाही याचा पुरावा म्हणून दिला गेला. प्रतिसाद दिसला नाही आणि वेदना झाली नाही, या दोन विधानांमधले अंतर कोणाच्या लक्षात आले नाही, किंवा आले तरी ते मोजण्याची निकड कोणाला वाटली नाही.

या साऱ्या डॉक्टरांना निर्दय ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्या काळातली भूल लहान बाळाला खरोखरच झेपत नसे. रक्तदाब कोसळे, श्वास थांबे, बाळ टेबलावरच दगावे. लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ गॉर्डन जॅक्सन रीस यांनी १९५० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नवजात बाळांसाठी वेगळी पद्धत मांडली: स्नायू लुळे पाडणारे क्युरारे, हलकासा नायट्रस ऑक्साइड आणि हाताने दिलेला श्वास. या पद्धतीने असंख्य बाळे वाचली. पण तिचीच पुढे पळवाट झाली. लुळे पाडणारे औषध बाळाला हलू देत नाही, वेदना मात्र कमी करत नाही. बाळ हलत नाही म्हणजे सारे सुरळीत आहे, असा समज शस्त्रक्रियागृहात अंगवळणी पडला. मृत्यूची भीती खरी होती. ‘तसेही त्याला दुखत नाहीच’ या समजुतीने त्या भीतीला मनाची शांती मिळवून दिली.

१९८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जिल लॉसन यांचा मुलगा जेफ्री सुमारे तीन महिने आधी जन्मला. गर्भात असताना हृदयाजवळच्या दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी एक वाहिनी असते. पुऱ्या दिवसांच्या बाळात ती जन्मानंतर आपोआप मिटते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुष्कळदा उघडीच राहते आणि फुप्फुसांत जास्तीचे रक्त लोटते. जेफ्रीची ती वाहिनी बांधायची ठरली. छातीच्या हाडापासून पाठीच्या कण्याच्या दिशेने चीर गेली, फासळ्या ताणून दूर केल्या गेल्या, वाहिनी बांधून पुन्हा टाके घातले गेले. या सगळ्या वेळात त्याच्या अंगात पॅनक्युरोनियम होते. या औषधाने बोटही हलवता येत नाही आणि जाणीव मात्र शाबूत राहते. भूल नव्हती, वेदनाशामक नव्हते. काही आठवड्यांनी बाळ गेले. कागदपत्रे वाचल्यावर आईने विचारणा केली, तेव्हा भूलतज्ज्ञाकडून मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा की, एवढ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वेदना होतात हे कोणी सिद्ध केलेले नाही.

हा एका रुग्णालयातला अपवाद नव्हता. ही वाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियांवर तोवर प्रसिद्ध झालेले अहवाल चाळले गेले, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक बाळांना नुसते स्नायू लुळे पाडणारे औषध किंवा फार तर त्याच्या जोडीला अधूनमधून नायट्रस ऑक्साइड दिल्याचे आढळले. लॉसनबाईंनी पत्रांचा धडाका लावला. १९८६ मध्ये त्यांचे पत्र ‘बर्थ’ या नियतकालिकात छापून आले, मग वृत्तपत्रांनी विषय उचलला. अमेरिकेतल्या आयांना तेव्हा प्रथमच कळले की काचेच्या पेटीतल्या बाळावर शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय होते.

त्याच सुमारास अटलांटिकच्या अलीकडे पुरावा गोळा होत होता. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद नवजात अतिदक्षता विभागात काम करत होते. शस्त्रक्रियेसाठी नेताना बऱ्यापैकी स्थिर असलेली बाळे परत येताना राखाडी पडलेली, नाडी क्षीण झालेली असत. आत असे काय घडते, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला. बाळ बोलत नसेल तर त्याच्या रक्ताला विचारू, अशी त्यांची रीत होती. आनंद, सिप्पेल आणि एन्सली-ग्रीन यांनी जानेवारी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या चाचणीत अवघी १६ बाळे होती. सगळ्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे मिळाले. निम्म्यांना त्याखेरीज फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामक दिले गेले. फेंटानिल न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ॲड्रिनलिनसारखी तणावाची संप्रेरके आणि साखर उसळलेली होती आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच अधिक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आनंद आणि हिकी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जुन्या समजुतींची एकेक वीट काढली. मायलिन अपुरे आहे म्हणून वेदना पोचत नाही, हा दावा मुळातच लटका होता. प्रौढ माणसातही वेदनेचा मोठा भाग मायलिन नसलेल्या तंतूंमधूनच जातो. आवरण नसल्याने संदेशाचा वेग थोडा मंदावतो एवढेच, आणि बाळाच्या इवल्या शरीरात अंतरही थोडेच असते.

पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, याच दोघांनी बॉस्टनमधल्या नवजात हृदयशस्त्रक्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. गाढ भूल मिळालेल्या ३० बाळांपैकी एकही दगावले नाही. हलकी भूल मिळालेल्या १५ पैकी चार दगावली. भूल दिली तर बाळ मरेल या भीतीवर उभी राहिलेली प्रथा इथे उलटी पडली. ताकदीची औषधे, नेमकी मात्रा आणि चांगली देखरेख हाताशी आल्यावर, वेदना सहन करायला लावणे हेच जास्त धोक्याचे ठरले.

उरला बिगेलो यांचा आठवणीचा मुद्दा. लंडनमध्ये मारिया फिट्झजेराल्ड यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या टाचा तपासल्या. वारंवार टोचलेल्या टाचेच्या आसपासची त्वचा हळवी झालेली आढळली; तिथे हलका स्पर्शही पाय मागे ओढायला पुरत होता, आणि बधिर करणारे मलम लावले की हा हळवेपणा ओसरत होता. वेदनेला मेंदूकडून खाली लगाम घालणारी यंत्रणा उशिरा परिपक्व होते, असेही त्यांच्या संशोधनातून पुढे आले. म्हणजे आपण ज्याला कमी दुखते असे समजत होतो, त्याला कदाचित जास्त दुखत होते. टोरांटोत ॲना टॅडियो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की नवजात अवस्थेत बधिर न करता सुंता झालेली मुले, मलम लावून सुंता झालेल्या मुलांपेक्षा, काही महिन्यांनी लस घेताना जास्त कळवळतात. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ८६ बाळांच्या मेंदूची छायाचित्रे आणि त्यांना टोचल्याच्या नोंदी ताडून पाहिल्या. जितके टोचणे अधिक, तितकी मेंदूच्या वाढीत उणीव अधिक, असा संबंध दिसला. बाळाला प्रसंग आठवत नसेल, त्याचे शरीर तो विसरत नाही.

रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण म्हणतो. पण श्वासनळीत नळी घातलेल्या बाळाला आवाजच फुटत नाही. हवा स्वरयंत्राला वळसा घालून जाते, त्यामुळे तोंड रडण्याचा आकार घेते आणि पेटीत शांतता असते. फार अपुऱ्या दिवसांचे, फार थकलेले बाळ तर चेहराही हलवत नाही. बॉनी स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कॅनडात तयार केलेल्या वेदनामापन पट्टीत याची दखल मोठ्या शहाणपणाने घेतलेली आहे. कपाळावर उमटलेली घडी, घट्ट मिटलेले डोळे, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पडलेली रेघ, हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू, यांना तीत गुण आहेत. शिवाय बाळ जितके कमी आठवड्यांचे आणि जितके गाढ झोपेत, तितके जास्त गुण. जो कमी दाखवू शकतो त्याच्या पारड्यात पट्टी आपणहून वजन टाकते. बाळाच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याच्या बाजूने लावण्याची ही रीत वैद्यकाला सुचायला दीड शतक लागले.

इथवरची गोष्ट विजयाची वाटेल. पण शस्त्रक्रिया हा बाळाच्या मुक्कामातला एखादाच दिवस असतो. रोजची गोष्ट वेगळी आहे. रक्तातली साखर पाहायची असते. सिस्टर बाळाची टाच चिमटीत धरतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, सुई टोचतात. थेंब पुरेसा येत नाही म्हणून टाच दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. टोचण्यापेक्षा हे दाबणेच पुष्कळदा जास्त दुखते. थेंब पट्टीवर घेतला जातो, आकडा वहीत लिहिला जातो. टोचताना कपाळावर आलेली घडी कुठेच लिहिली जात नाही. थोड्या वेळाने नाकातली नळी बदलायची असते, मग सलाईनसाठी शीर शोधायची असते, ती फुटली की दुसरी.

रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००३ मध्ये १५१ बाळांच्या पहिल्या चौदा दिवसांचा हिशेब मांडला, तेव्हा दिवसाला सरासरी १४ अशा क्रिया निघाल्या. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांमधल्या ४३० बाळांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नोंदवलेल्या ४२,४१३ वेदनादायक क्रियांपैकी ७९.२ टक्के क्रिया वेदना कमी करण्याचा कोणताही खास उपाय न करता उरकल्या गेल्या होत्या. बाळाला दुखते हे तोवर सर्वमान्य होऊन दोन दशके झाली होती. जुना न्याय आता वेगळ्या वेशात हजर होता. ‘दुखत नाही’ ऐवजी ‘एवढेसे तर दुखते, एका मिनिटाचे काम आहे’ एवढाच बदल झाला होता. दिवसाला १४ वेळा होणारे एका मिनिटाचे काम बाळाच्या बाजूने मोजायला कोणी बसत नव्हते.

मग औषध द्यावे आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. इथेच या इतिहासाचा दुसरा धडा येतो. व्हेंटिलेटरवरच्या ८९८ बाळांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मॉर्फीनचे सलग ठिबक देऊन मेंदूतला गंभीर रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. रक्तदाब उतरण्याचे प्रमाण मात्र वाढले. ही चाचणीही आनंद यांच्याच नेतृत्वाखालची होती, हे विशेष. ऑक्सफर्डमध्ये डोळ्यांच्या तपासणीआधी तोंडावाटे मॉर्फीन देऊन पाहण्याची चाचणी ३१ बाळांनंतर थांबवावी लागली. वेदना घटल्याचे दिसेना आणि श्वास अडखळू लागला. टोचण्याआधी जिभेवर साखरेचे दाट पाणी सोडण्याचा उपाय स्वस्त आहे, जगभर रूढ आहे आणि त्याने चेहऱ्यावरची वेदना खरोखर कमी होते. तरी २०१० मध्ये रेबेका स्लेटर यांनी दाखवले की टाच टोचताना मेंदूत उठणारा वेदनेचा संकेत साखरेने घटत नाही. याचा अर्थ साखर टाकून द्यावी असा नाही. चेहरा शांत झाला म्हणजे प्रश्न सुटला, ही क्युरारेच्या काळातली चूक साखरेच्या बाबतीत पुन्हा करू नये, एवढा इशारा या निष्कर्षात आहे. करुणेलाही पुराव्याची शिस्त लागते, नाहीतर तीही इजा करते.

सर्वांत कमी धोक्याचा आणि भरवशाचा उपाय यंत्रात नाही, पेटीच्या बाहेर उभा आहे. बोगोटात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली आणि कांगारू मातृसेवा जन्माला आली. २००३ मध्ये सेलेस्ट जॉन्स्टन यांनी कॅनडात दाखवले की आईच्या छातीशी असताना टाच टोचली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही कमी दुखते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये एका साध्या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला: अतिशय कमी वजनाच्या बाळाच्या अंगावरची चिकटपट्टी काढताना होणाऱ्या वेदनेवर आईच्या छातीची ऊब आणि आईचे काढलेले दूध यांपैकी काय उपयोगी पडते? चिकटपट्टी काढणे हीसुद्धा मोजण्याजोगी वेदना आहे, असे मानणे हीच त्यातली मोठी गोष्ट. मुंबईतच शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभी केली होती. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय तर त्या पाच देशांतल्या चाचणीत होते, जिने २०२१ मध्ये दाखवले की लगेचच्या कांगारू सेवेने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात. त्यासाठी तिथे आईची खाट थेट अतिदक्षता विभागात आणली गेली.

म्हणजे आपल्याला ज्ञान परदेशातून येण्याची वाट पाहायची गरज नाही. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळे मुदतीआधी जन्मली. जगात हा आकडा सर्वाधिक आहे. तरी कित्येक विभागांत आईला ठरलेल्या वेळी, काचेपलीकडून बाळ दाखवले जाते. गर्दी, जंतुसंसर्गाची धास्ती, एका सिस्टरच्या वाट्याला येणारी अनेक बाळे, या अडचणी खऱ्या आहेत. पण आई आत असली तर सिस्टरचा भार हलका होतो, हाही अनुभव आहे. बाकीच्या मागण्या तर अगदी स्वस्त आहेत. नाडी आणि तापमानाच्या शेजारी वहीत वेदनेचा रकाना असावा. दर टोचण्याआधी विचारावे की या तपासणीने उपचार बदलणार आहे का. दोन तपासण्या एकाच रक्तात भागतील का. टाच पिळण्यापेक्षा शिरेतून रक्त घेणे कमी दुखेल का. टोचण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून दूध किंवा साखर द्यावी, बाळाचे हातपाय पोटाशी घेऊन धरून ठेवावेत. तातडी नसेल तर श्वासनळीत नळी घालण्याआधी औषध द्यावे. शस्त्रक्रियेतल्या भुलीबाबत तडजोड नको. यातल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. विभागप्रमुखाचा लेखी आदेश आणि तो पाळला जातो का हे पाहणारे कोणीतरी लागते.

आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेची १९७९ ची व्याख्या वेदना शब्दांत सांगता येण्यावर बरीच विसंबून होती. आनंद आणि क्रेग यांनी १९९६ मध्ये त्यावर बोट ठेवले. २०२० च्या सुधारित मजकुरात शब्द हा वेदना व्यक्त करण्याचा केवळ एक मार्ग मानला गेला. नवजात बाळाने जिंकलेला हा दावा इतरांच्याही उपयोगी आहे. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला माणूस, स्मृतिभ्रंशात शब्द हरवलेली आजी, जन्मापासून बोलू न शकणारे मूल, या सगळ्यांना आपण अजूनही अधूनमधून तोच जुना प्रश्न विचारतो: दुखते हे कशावरून? त्यांच्यासाठी नियम एकच हवा. बोलत्या माणसाला जे दुखेल ते यांनाही दुखते असे धरून चालावे. दुखत नाही असे ज्याला वाटते त्याने ते दाखवून द्यावे, आणि तो ते दाखवून देईपर्यंत उपाय चालू ठेवावा.